मण्यारीचं विष आणि सत्यभामेची जीभ

आमच्या गावात मी बत्तीस वर्षांपासून मरतो आहे. गावाला त्याची इतकी सवय झाली आहे, की गेल्या वर्षी मी खरोखर मरायला लागलो तेव्हा कोणी जागचं हललंसुद्धा नाही.

झालं असं. दिवाळी आटोपली की आमच्या सानगडीकडच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. आमच्या मंडळाच्या नाटकात, नाटक कोणतंही असो, एक म्हातारा बाप असतोच आणि तो तिसऱ्या अंकात मरतो. ते काम माझं. मी घाईघाईत मरत नाही. आधी पापण्या जड होतात, मग जीभ जड होते, मग मान कलते, आणि या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. समोर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. माझी बायको म्हणते, झोपेनं डोळे चुरचुरतात म्हणून लावतात.

माझं नाव वासुदेव, तिचं सत्यभामा. सोयरीक जुळली तेव्हा ही नावं ऐकून दोन्हीकडच्या माणसांना फार कौतुक वाटलं होतं. पुराणातल्या त्या जोडप्याच्या घरात रोज काय चालत असेल, याचा विचार कोणी केला नाही. मी रागीट माणूस आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो आणि सत्यभामेला तो नुसत्या एका वाक्यानं खाली उतरवता येतो. माझ्या मरण्याबद्दल ती काहीतरी बोलते, मी भडकतो, ती हसत स्वयंपाकघरात जाते. आमच्या संसारात एवढी एक गोष्ट कधी चुकली नाही.

त्या मंडईला घर पाहुण्यांनी भरलं होतं. नाटक संपून मी घरी आलो तेव्हा तांबडं फुटायला आलं होतं आणि माझ्या खाटेवर माझ्या बहिणीचे सासरे घोरत होते. मंडईला आलेल्या पाहुण्याला, तेही बहिणीच्या सासऱ्याला, उठवणार कसं? आमच्याकडे तसं करत नाहीत. मी मागच्या ओसरीत, कापून आणलेल्या धानाच्या पेंढ्यांशेजारी, जमिनीवर चटई टाकली आणि तोंडाचा रंगही न पुसता आडवा झालो. मला काही चावलं असं वाटलं नाही. मुंगी चावली तर मी अख्खं घर डोक्यावर घेतो, पण त्या पहाटे मला काही म्हणजे काही कळलं नाही.

आठच्या सुमाराला पोटात कळ येऊन मी जागा झालो. डोळे उघडेनात. भिंत धरून अंगणात आलो तर तिथे कोणाचेच डोळे धड उघडे नव्हते. अख्खं गाव रात्रभर नाटक बघून बसलेलं. शेजारचा धनीराम, जो आमच्या नाटकात पडदा ओढतो, पायरीवर बसून अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी चहा फुंकत होता. सगळ्यांना झालंय तेच मला झालंय, असं मलाही वाटलं.

"पोट दुखून राहिलं," मी सत्यभामेला म्हणालो. आवाज नाकातून आला.

"दुखंल नाई तं काय? रात्री भजे किती खाल्ले?"

"डोये उघडून नाई राहिले."

"गावात कोणाचे उघडले हायेत? धनीरामभाऊचे पाहा."

धनीराम म्हणाला, "वैनी, भाऊ अजून तिसऱ्याच अंकात हायेत. पडदा पाडाचा इसरलो वाटते मी."

अंगणात हशा पिकला. बहिणीचे सासरेही खाटेवरून हसले.

"मले तू दोन-दोन दिसून राहिली," मी म्हणालो.

"एक सांभायता येत नाई, दुसरी कायले पायजे?"

पुन्हा हशा. मला राग आला. मी चांगला खणखणीत बोलायला गेलो आणि तोंडातून नुसता चिखल निघाला. जीभ टाळूवरून सुटेना. त्यावर तर लोक आणखीच हसले, कारण नाटकातला बाप मरतो तो अगदी असाच. जड जिभेचं ते बोलणं मी स्वतः शोधून काढलं होतं आणि दहा गावांत त्याचं नाव झालं होतं. मला काय होतंय हे सांगायला मी ज्या ज्या गोष्टी करत होतो, त्या सगळ्या मी आदल्या रात्री तिकीट लावून केलेल्या होत्या.

असा अर्धा तास गेला. मग सत्यभामेनं माझ्या हातात चहाची कपबशी दिली. मी घोट घेतला आणि तो खाली उतरलाच नाही. नाकातून बाहेर आला, हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. सत्यभामेचं हसू थांबलं. मी जिवंत असो की मेलेला, चहा सांडत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती जवळ आली, अंगठ्यानं तिनं माझी पापणी वर केली आणि अंगठा काढताच ती खाली पडली.

"धनीरामभाऊ," ती म्हणाली, "गाडी काढा."

धनीरामची धानाची पोती वाहायची गाडी आहे. तिच्यात, रिकाम्या पोत्यांवर, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी साकोलीच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरानं दोनच गोष्टी विचारल्या: पोट दुखतंय का, आणि रात्री खाली झोपले होते का. मग हातापायावर खुणा शोधल्या. एकही सापडली नाही.

"मण्यार असंल," तो म्हणाला. "दात इतके बारीक असतात की खूण राहत नाई. दुखत बी नाई."

तेवढ्यात घरून फोन आला. माझे मोठे भाऊ, भय्याजी, यांनी चटई झटकून पेंढ्या बाजूला केल्या होत्या आणि खाली काळी कुळकुळीत, पांढऱ्या बारीक पट्ट्यांची मण्यार निवांत वेटोळं करून बसलेली सापडली होती. तिला तरी झोप मिळाली म्हणायची. इकडे मला सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली, पण मान उचलेना आणि श्वास तोकडा पडायला लागला. मग त्यांनी घशात नळी घातली आणि रुग्णवाहिकेत टाकून मला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत चाळीस किलोमीटर एक नर्सबाई हातानं रबरी फुगा दाबत होती. ती दाबेल तेव्हा माझा श्वास. मी तिचं तोंडही पाहिलेलं नाही.

आता सांगतो ती गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. मी बेशुद्ध नव्हतो. दवाखान्यात मशीनवर टाकलेला, डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेला, हात उचलून सोडला तर धपकन पडणारा जो माणूस होता, त्याच्या आत मी पूर्ण जागा होतो. ऐकू सगळं येत होतं. सुई टोचली की दुखत होतं. नाकावर माशी बसली तर ती कुठून कुठे चालली हेही कळत होतं. फक्त माझं म्हणणं बाहेर पोचवणारं एकही बोट माझ्या ताब्यात राहिलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरचं नाव रिता. मोहाडीची मुलगी, आवाजावरून तिशीतली. सुई टोचण्याआधी मला सांगायची, "काका, थोडं दुखंल." बाकीचे माझ्या अंगावरून बोलायचे, ती माझ्याशी बोलायची. तिनं सत्यभामेला माझ्या उशाशीच सगळं समजावलं, त्यामुळे मलाही ते फुकटात समजलं.

"काकू, लग्नाची पंगत बसली समजा. मेंदूचा निरोप घेऊन नसेच्या टोकापासून एक पाहुणा निघते. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन."

"नाव मोठं हाय पाहुण्याचं."

"हो. तो स्नायूवर त्याच्यासाठी मांडलेल्या पाटावर येऊन बसते. तो बसला की स्नायू हालते. त्या पाटाले आमी रिसेप्टर म्हणतो. आता मण्यारीच्या इषात काय हाय, की ते पाहुण्याच्या आधीच पाटावर येऊन बसते. जेवत बी नाई आन् उठत बी नाई. पाहुणा तसाच उभा. निरोप पोचत नाई, मंग पापणी उचलत नाई, छाती हालत नाई."

"म्हणजे आमच्या नंदेच्या सासऱ्यावानी," सत्यभामा म्हणाली. "मंडई होऊन दोन दिवस झाले, खाटेवरून हालले नाईत."

मला हसू आलं. ते कुठूनच बाहेर पडू शकलं नाही आणि माझ्या आतच फिरत राहिलं.

"आन् मण्यारीचं दुसरं इष याहून वाईट," रिता सांगत होती. "ते पाहुणे निघतात तो रस्ताच खोदून ठेवते. आमच्या इंजेक्शननं रक्तात फिरणारं इष पकडलं, पण जे नुकसान झालं ते झालं. शरीर रस्ता नवा बांधंल. आठवडा लागंल, जास्त बी लागंल. तोवर मशीन श्वास घेते. काकू, मेंदूले काई झालं नाई. आपण फक्त वाट पाहाची."

"आयकू येत असंल का त्याईले?"

"येत असंल. बोलत राहा."

बोलत राहा, असं सत्यभामेला सांगणारी ही पहिलीच व्यक्ती. वरठीला दिलेली आमची मुलगी राखी डबा घेऊन यायची. सत्यभामा रोज चार वाजता, भेटायच्या वेळेला, आत यायची आणि सुरू व्हायची. धान कापून झालं. शेतातल्या बोडीत पाणी बरं हाय. नंदेचे सासरे आज गेले, जाताना खाटेची दोरी ढिली हाय म्हणाले. मग तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आन् एक सांगाचं राहिलंच. यंदा तुमी मरत होता तवा पयल्या रांगेतले लोक घोरून राहिले होते. मी मोजले. नऊ जण."

नऊ जण! मला असा संताप आला की काय सांगू. पहिल्या रांगेत सरपंच होते, पाटील होते, सगळे टक्क जागे होते, मी एका डोळ्यानं पाहिलं होतं. मरताना एक डोळा किलकिला ठेवावाच लागतो. आणि तेवढ्यात उशाजवळचं नाडी दाखवणारं मशीन, जे टुक टुक करत आरामात चाललं होतं, ते धावायला लागलं.

सत्यभामेनं ते बघितलं. ती शेतकऱ्याची बायको. काय हललं आणि का हललं हे बघायची तिला सवय. ती थोडा वेळ थांबली. टुकटुक खाली आली. मग ती म्हणाली, "सोसायटीत युरिया आला हाय." काही झालं नाही. "धनीरामभाऊनं दाढी केली." काही झालं नाही. "नऊ कायचे, दहा होते."

टुकटुक पुन्हा धावली. सत्यभामा इतक्या मोठ्यानं रिताला हाका मारत बाहेर पळाली की तीन खाटांवरची माणसं दचकली असतील.

रितानं येऊन पुन्हा सगळा प्रयोग केला. युरिया: चौऱ्याऐंशी. दहा जण घोरत होते: एकशे सतरा. ती म्हणाली, "काकू, हृदयाचे पाट वेगळ्या जातीचे असतात. मण्यारीच्या या इषाले तिथं बसताच येत नाई. काकांचा राग मेंदूतून निघून हृदयापरेंत पोचून राहिला. नाडी कशानं बी वाढते, तवा मी लेखी देणार नाई, पण मले वाटते काका आयकून राहिले."

सत्यभामेनं माझा कान पकडला, लहान मुलाचा पकडतात तसा, आणि थोडा वेळ धरून ठेवला.

एवढ्यावर गोष्ट संपायची, पण चौथ्या दिवशी भय्याजी आले. भय्याजी माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते आले तेव्हा कोणीतरी माझ्या डोळ्यांची पट्टी काढून बॅटरी मारत होतं. भय्याजींनी वाकून बघितलं. माझी बुबुळं मोठी होऊन थिजलेली होती, उजेडाला हलत नव्हती. आयुष्यात त्यांनी असे डोळे फक्त मेलेल्या माणसाचे बघितले होते. रिता त्यांना सांगत राहिली की हेही विषामुळेच आहे, डोळ्यातले छोटे स्नायूही बंद पडतात. त्यांनी ऐकून घेतलं. पण बाहेरच्या बाकावर, दाराच्या अगदी जवळ बसून ते सत्यभामेला म्हणाले,

"बाई, तो गेला हाय. हे मशीन त्याची छाती वरखाली करून राहिलं. आपल्या घरात कोणी असं परक्या ठिकाणी, नळ्या लावून नाई गेलं. बाबा घरी गेले, माय घरी गेली. त्याले बी घरी नेऊ. आपल्या मातीत जाऊ द्या त्याले."

"डॉक्टरीन म्हणते आठवडा थांबा."

"डॉक्टर म्हणतच असतात."

"त्याईले आयकू येते. मी चिडवलं की आकडा वाढते."

"मशीन हाय ते. काईबी दाखवते."

"तुमच्यासमोर वाढवून दाखवीन," सत्यभामा ताडकन म्हणाली. ती पैज मारल्याशिवाय राहू शकत नाही. "उद्या चार वाजता या. आकडा वाढला नाई तं तुमी म्हणाल तिथं सही करीन."

हे ऐकून मी आत हादरलो. घरी नेणं म्हणजे नळी काढणं, आणि नळी काढल्यावर मी जेमतेम पाच मिनिटं टिकलो असतो. तेही पहिल्यांदाच मला इतक्या कमी वेळात मरावं लागलं असतं. पण खरं सांगतो, फार काळजी वाटली नाही. पैज काय होती? मला राग यायला हवा होता. याहून सोपं काम मला उभ्या आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला सगळे आले. भय्याजींच्या हातात मला घरी नेण्याच्या संमतीचा कागद होता. त्याचा कडकड आवाज मला ऐकू येत होता. रिता भय्याजींना म्हणत होती, "काका, पाच दिवस म्हणजे काईच नाई. तुमी घाई करून राहिले." भय्याजी म्हणाले, "तिनं शब्द दिला हाय." नर्स आकडा वाचायला मशीनजवळ उभी राहिली.

"अवो," सत्यभामा म्हणाली, "नऊ नाई, दहा बी नाई, चौदा जण घोरत होते."

"शहाऐंशी," नर्स म्हणाली.

मी वाट बघितली. राग आला नाही.

"मंडळवाले म्हणून राहिले, पुढच्या साली बापाचं काम धनीरामभाऊले देऊ. तो पाच मिनिटात मरते, लोकाईले बरं पडते."

"शहाऐंशी."

काय झालं ते सांगतो. तिचा आवाज कापत होता. चार रात्री ती त्या बाहेरच्या बाकावर बसून होती. डबा तसाच परत जात होता हे राखी कुजबुजताना मी ऐकलं होतं. आणि आता ही बाई, रडू गिळत, एकेक ठेवणीतला टोमणा काढून माझ्यापुढे ठेवत होती. मला तिची अशी माया आली की राग कुठल्या कुठे गेला. मी रागाला हाका मारल्या. ज्यानं मला खोटं बियाणं विकलं त्याला आठवलं. ज्यानं माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, दोन वीत सरकवला त्याला आठवलं. लवकर पडदा पाडून माझा एक संवाद गाळणाऱ्या धनीरामला आठवलं. सगळ्यांना मी मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं, कधी ते मलाच माहीत नाही. जन्मभर न बोलावता येणारा माझा राग त्या दिवशी बोलावूनही आला नाही.

"तुमाले मरता येत नाई," सत्यभामा म्हणाली. "बत्तीस वर्स झाले, एक दिवस बी तुमाले धड मरता आलं नाई."

"पंच्याऐंशी," नर्स हळूच म्हणाली.

आकडा एकानं उतरला होता. तिच्या बोलण्यानं माझ्या जिवाला बरं वाटल्याची बत्तीस वर्षांतली ही पहिली वेळ, आणि ती नेमकी इथं यावी! मी आत ओरडत होतो, चिडवू नको बाई, चिडवणं पुरे, काहीतरी दुसरं कर.

"बाई," भय्याजी म्हणाले. त्यांचाही आवाज फुटला. "पुरे आता. नको छळू त्याले. सही कर."

कागद सरकला. पेन उघडल्याचा आवाज आला. मग सत्यभामेचा श्वास माझ्या कानाशी आला. ती वाकली होती. आता ती बोलली ते कोणाला दाखवायला नव्हतं, आकड्यासाठीही नव्हतं. माझ्याखेरीज कोणाला ऐकूही गेलं नसेल.

"आयकत असान तं आयका. चूक माझी हाय. अर्धा तास तुमी मले सांगून राहिले होते आन् मी हासत होती. डोये उघडत नाई म्हणाले, मी हासली. दोन दिसते म्हणाले, मी हासली. साऱ्या गावाले मी हासवलं. तवाच उठली असती तं हे झालं नसतं. मले माफ करा."

सत्यभामेनं माफी मागितली. कोणाची? माझी. लग्नाच्या दिवसापासून तिनं कधी कोणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा तिच्या हातून माझ्या पायावर पाटा पडला तेव्हा तिनं मलाच विचारलं होतं की पाय तिथे का ठेवला. ती बाई माझ्या कानात माफी मागत होती आणि ती खोटी होती! चूक तिची नव्हती. मरणाचं इतकं स्वस्त सोंग गावाला बत्तीस वर्षं मी दाखवलं होतं. मी हे सांगितलं नाही, आणि आत्ता गेलो, तर ही बाई उरलेला जन्म तो अर्धा तास उशाशी घेऊन झोपेल. आणि मला एक बोट हलवता येत नव्हतं. सापाची मला इतकी भीती वाटली नव्हती. नळीची वाटली नव्हती. ही वाटली.

"पंच्याण्णव," नर्स म्हणाली. मग, "एकशे नऊ. मॅडम. एकशे बावीस. मॅडम, बघा!"

मशीन किंचाळायला लागलं. कोणीतरी धावलं. रिता म्हणाली, "काय बोलल्या काकू तुमी?"

"काई नाई," सत्यभामा म्हणाली.

मग माझ्या पायावर एक खरखरीत हात आला. भय्याजींचा हात, लहानपणी मी त्याचा मार खाल्ला आहे, मला तो अंधारातही ओळखू येतो. कागद चुरगळल्याचा आवाज आला. "वासुदेवा," ते म्हणाले, "मी तुले माती द्याले निघालो होतो रे." आणि ते रडायला लागले, दवाखान्यात रडू नये इतक्या मोठ्यानं. मी त्यांनाही केव्हाच माफ केलं होतं.

"आयकू येत होतं तं इतका वेळ काहून गप बसले होते जी?" सत्यभामा मला रागावून म्हणाली, आणि मला हायसं वाटलं.

सातव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. आठव्या दिवशी पापणी सुताइतकी वर गेली आणि मला सत्यभामा दिसली, एकच दिसली. अकराव्या दिवशी नळी निघाली. घसा सोललेला, आवाज नाही. एक दिवस गप्प राहून मी फक्त एका वाक्याची तयारी केली. बाराव्या दिवशी दुपारी ती स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती तेव्हा मी ते म्हणालो.

"तुही चूक नव्हती."

"कोणती चूक?" ती सोलता सोलता म्हणाली.

"अर्धा तास हासली म्हणून तू माफी मागतली ना. कानात."

"मी? माफी? तुमची?" तिनं मोसंबीची साल खाली टाकली. "इषात भास होते माणसाले. कायची माफी? मी तं युरियाचं सांगत होती."

माझ्याकडे पुरावा होता. आकडा चढला तेव्हा ती काय बोलली असं रितानं विचारल्याचं मी ऐकलं होतं, नर्स साक्षीला होती, भय्याजी होते, आणि युरियानं आकडा वाढत नाही हे तर तिनंच सिद्ध केलेलं होतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा एक भांडण माझ्या बाजूनं संपूर्ण पक्कं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, केसांना कितीतरी दिवसांत तेल नव्हतं, आणि ती मान वर न करता मोसंबीच्या एकाच फोडीची शीर काढत बसली होती, जी केव्हाच निघाली होती.

"असंल," मी म्हणालो. "भासच असंल."

तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं.

"काहून जी?" ती घाबरून म्हणाली. "भांडून नाई राहिले? बरं वाटून नाई राहिलं का?"

मी मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही. मोसंबी मांडीवर ठेवून तिनं माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले आणि ओठ हलवत मोजायला लागली. तिला नाडी मोजता येत नाही. बोटं भलत्याच जागी होती. मी हात सोडवून घेतला नाही.